कणगीमागचा जावई

मसाउसोची गाडी खरोखरच बिघडली, आणि सगळी पंचाईत तिथून सुरू झाली.

खोटी बिघडली असती तर काहीच अडचण नव्हती. गाडी खोटी बिघडवणं हा त्याच्या नोकरीचाच भाग होता. लुआंग्वा नदीकाठच्या त्या महागड्या लॉजवर रीतच होती तशी. संध्याकाळच्या जंगलफेरीत गाईडने मध्येच गाडी थांबवायची, चेहरा पाडून "बिघडली" म्हणायचं, आणि घाबरलेल्या पाहुण्यांना पाय मोकळे करायला म्हणून झाडीपलीकडे न्यायचं. तिथे कंदील लावलेले, टेबल मांडलेलं, शँपेन थंड करून ठेवलेली. पाहुणे आधी किंचाळायचे आणि मग गाईडला मिठी मारायचे.

ओडवार आणि सोल्वेग हे नॉर्वेचं म्हातारं जोडपं तिसऱ्यांदा आलं होतं, आणि आधी दोन्ही वेळा मसाउसोनेच त्यांना असं फसवलं होतं. यंदा त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मॅनेजर चिलेशे मॅडमनी नदीच्या वरच्या वळणावर टेबल मांडलं होतं. लॉजची स्वयंपाकीण एस्नार्ट तिथे केक घेऊन वाट बघत बसली होती.

एस्नार्ट म्हणजे मसाउसोची होणारी बायको. 'होणारी' हा शब्द मात्र जरा हात राखूनच वापरायला हवा. तिची आई न्यासाकाला हिने अजून होकार दिला नव्हता. मध्यस्थ तीनदा गेला आणि तीनदा भाजलेले शेंगदाणे खाऊन परत आला. "पोरगा जन्मभर सिंहांमागे हिंडलाय. माणसांत कसं वागायचं हे त्याला कुठून कळणार?" एवढंच ती म्हणायची. सासूने आपल्या हातचं जेवू घालेपर्यंत जावयाने तिच्या नजरेला पडायचं नसतं. हा नियम मसाउसो इतका कसोशीने पाळत होता की बाजारात ती दिसली, तर तो कोंबड्यांच्या खुराड्यामागे दडी मारायचा.

तर त्या संध्याकाळी गाडीचं पुढचं चाक एका खड्ड्यात आदळलं, खालून काहीतरी कडाडलं आणि गाडी एका अंगावर बसली. मसाउसोने वॉकीटॉकी उचलली. ती मेलेली होती, कारण दुपारभर त्याने तिच्यावरून एस्नार्टशी तिच्या आईबद्दलच चर्चा केली होती. मोबाइलला त्या भागात रेंज नव्हती.

"गाडी बिघडली," तो म्हणाला.

सोल्वेगने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "बिघडली म्हणे."

"अरेरे," ओडवार म्हणाला आणि टोपी नीट बसवून तयारच झाला. "आता रे कसं करायचं?"

"साहेब, खरंच बिघडलीय."

"मागच्या वर्षीपेक्षा चेहरा छान जमलाय," सोल्वेग म्हणाली. "तेव्हा तुला मध्येच हसू फुटलं होतं."

"बाई, तुम्ही स्वतः बघा ना. चाकाचा सांधाच तुटलाय."

ओडवारने वाकून पाहिलं आणि मान डोलावली. "आपल्यासाठी चाकसुद्धा तोडलंय. केवढी मेहनत घेतात ही माणसं."

तेवढ्यात सोल्वेगला झाडीपलीकडे उजेड दिसला. मसाउसोलाही दिसला. हत्तींना पळवण्यासाठी मिरची घालून शेण जाळल्याचा वास येत होता. गावाच्या या टोकाला एकच घर होतं, न्यासाकालाचं.

"तिकडे नको," तो घाईघाईने म्हणाला.

"तिकडे नको म्हणतोय," सोल्वेग नवऱ्याला म्हणाली, "म्हणजे तिकडेच." आणि दोघं हातात हात घालून चालायला लागली.

आता मसाउसोच्या डोक्यावर दोन कायदे होते. लॉजचा कायदा असा की, रानात पाहुण्यांना क्षणभरही एकटं सोडायचं नाही. गावाचा कायदा असा की, सासूपुढे जायचं नाही. इकडे आड, तिकडे विहीर. तो पाहुण्यांच्या मागोमाग अंगणापर्यंत गेला आणि ऐन वेळी मक्याच्या कणगीमागे सटकला. कणगी लाकडी पायांवर उभी होती. तिच्याखालून त्याला अंगण दिसत होतं. अंगणातून त्याचे बूट दिसत होते, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

न्यासाकाला चुलीपाशी बसली होती. अंगणात अचानक दोन गोरी म्हातारी माणसं उगवली आणि हसत हसत तिच्या चटईवर बसली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग बुटांकडे पाहिलं, आणि चटकन तिकडे पाठ फिरवून, जावयाशी थेट बोलायचं नाही म्हणून, कणगीशी बोलायला लागली.

"अगं कणगी, तुझ्या मागे जो कोण उभा आहे त्याला विचार, ही माणसं कोणाची?"

"कणगीबाई," मसाउसो खालच्या आवाजात म्हणाला, "त्यांना सांगा, लॉजचे पाहुणे आहेत. गाडी मोडली. त्यांना वाटतंय जेवण तयार आहे."

"मग जेवणच करावं लागेल. आणि त्याला सांग, भोपळ्याच्या वेलावरचा पाय काढ."

मसाउसोने पाय काढला. अंगणात एका कोंबडीचा ओरडा झाला आणि थांबला. सोल्वेगचा आनंद तर गगनात मावेना.

"मसाउसो," तिने कणगीच्या दिशेने हाक मारली, "या बाई किती सहज वावरतात. यांनाही लॉजनेच ठेवलंय का?"

"काय म्हणते ती?" न्यासाकालाने कणगीला विचारलं.

"त्या म्हणतात, अंगण फार नीटनेटकं आहे," कणगीमागून उत्तर आलं.

मक्याच्या पिठाचा घट्ट न्शिमा घोटून झाला, भोपळ्याची पानं शेंगदाण्याच्या कुटात शिजली, कोंबडीचा रस्सा उकळला. पाहुण्यांनी बोटं चाटत खाल्लं. मसाउसो डास मारत उभा होता. पोटात कावळे ओरडत होते, आणि नदीच्या वळणावर चिलेशे मॅडम घड्याळ बघत असणार या विचाराने भूक आणखीच वाढत होती.

मग न्यासाकालाने एक ताट भरलं, त्यावर झाकण ठेवलं, ते ओडवारच्या हातात दिलं आणि हनुवटीने कणगी दाखवली. मसाउसोने कणगीखालून हे पाहिलं आणि तो डास मारायचाही विसरला. सासू जावयाला ताट पाठवते तेव्हा त्यात काय आहे यावर सगळं ठरतं. कोंबडीचा पेटा, म्हणजे तिच्या पोटातला तो चिवट गोळा, घरच्या कर्त्या पुरुषाचा मान असतो. तो रश्श्यावर ठेवून आला तर होकार. नाही आला तर पाहुणचार झाला, आता घरी जा.

ओडवार अंधारातून ठेचकाळत आला आणि ताट देऊन परत गेला. मसाउसोने झाकण काढलं. पंख होता, तंगडी होती, मानही होती. बोटाने रस्सा ढवळून पाहिला, न्शिमाच्या गोळ्याखाली पाहिलं. पेटा नव्हता.

त्याला रडू आलं. नदीकाठी केक घेऊन बसलेली एस्नार्ट डोळ्यांपुढे आली, आणि ती कायम तिथेच बसून राहणार असं त्याला वाटलं. त्याने घासही घेतला नाही. झाकण तसंच ठेवून ताट कणगीच्या कडेने पुढे सरकवलं. सोल्वेगने ते उचलून न्यासाकालाकडे नेलं.

न्यासाकालाने झाकण उघडलं आणि तिचा पारा चढला.

"कणगी, ऐकतेस का? पेटा तेवढा गिळला आणि न्शिमा परत पाठवला. ही कुठली रीत? सिंहसुद्धा असं करत नाही."

"कणगीबाई, पेटा कोणी पाहिलाय? नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हणावं."

"या हातांनी ठेवला होता मी. वरतीच."

"मग तो उडून गेला?"

"माझ्या घरात मला खोटं पाडतोस?" न्यासाकाला कणगीवर ओरडली.

सोल्वेग टाळ्या वाजवत होती. "काय सुंदर करतात दोघं. कशावरून भांडतायत?"

"पेट्यावरून," मसाउसो रडवेल्या आवाजात म्हणाला. "कोंबडीच्या पोटातला एक काळपट तुकडा. वरती ठेवला होता म्हणतात."

"चिवट होता का?" ओडवारने विचारलं.

"हो."

"तो मी खाल्ला. झाकण सरकलं, तर वरच दिसला. मला वाटलं, ताट नेणाऱ्याचा असेल. फार चविष्ट होता."

मसाउसोने हे भाषांतर करून कणगीला सांगितलं. मग न्यासाकाला हसायला लागली. इतकी हसली की तिला उखळाचा आधार घ्यावा लागला. हसू आवरल्यावर तिने डोक्यावरून अंगावरचं चितेंगेचं कापड ओढून घेतलं आणि ओडवारकडे पाठ फिरवून बसली.

"झालं. पेटा याने खाल्ला, आता हाच माझा जावई. सांग त्याला, सकाळी कुदळ घेऊन ये. पावसाआधी शेत खणायचंय."

सोल्वेगला अर्थ कळल्यावर ती म्हणाली, "खुशाल ठेवून घ्या म्हणावं. चाळीस वर्षं मी सांभाळला."

न्यासाकाला उठली. रोज अंडं देणारी तिची एक लाल कोंबडी होती. गावच्या मुखियाने मागितली तेव्हाही तिने ती दिली नव्हती. ती कोंबडी पंखाखालून धरून ती कणगीपाशी आली आणि उलटं तोंड करून उभी राहिली.

"कणगी, मागच्याला सांग, मी सगळी संध्याकाळ बूट बघत होते. पाहुण्यांना सोडून गेले नाहीत, आणि माझ्यापुढेही आले नाहीत. एवढे डास चावले तरी हलले नाहीत. माणसांत वागायचं कळल्याशिवाय हे जमत नाही." कोंबडी सावरून धरत ती म्हणाली, "आणि सांग, या वेळी ताट मीच आणून ठेवते."

चिलेशे मॅडमची गाडी शोधत शोधत आली तेव्हा लाल कोंबडी शिजली होती. केक बबून माकडांनी पळवला होता. एस्नार्ट गाडीतून उतरली. आई कणगीला पाठ लावून बसली होती, आणि कणगीमागे मसाउसो तोंड भाजत काहीतरी चिवट चावत होता. तिला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. डोळे पुसत ती भांडी गोळा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी ओडवारने सिंह बघायचं सोडून शेत खणलं. हाताला फोड आले, ते त्याने सगळ्या लॉजला दाखवले. आणि जाताना चिलेशे मॅडमना सांगून गेला की इतका उत्तम कार्यक्रम जगात कुठे बसवत नसतील.

त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. पाऊस संपल्यावर मसाउसो आणि एस्नार्टचं लग्न लागलं, आणि आता सासूसमोर बसून तिच्याशी हवं तेवढं बोलायला त्याला कोणाची आडकाठी नाही. फक्त गुरुवारी बसता येत नाही. गुरुवारी त्याची गाडी न्यासाकालाच्या घराजवळ बिघडते, पाहुणे उजेडाकडे चालू लागतात, आणि मसाउसोला कणगीमागे उभं राहावं लागतं, कारण चिलेशे मॅडम म्हणतात की पाहुण्यांना तोच भाग सगळ्यात आवडतो. न्यासाकाला कणगीला मनसोक्त शिव्या घालते. मग झाकलेलं ताट भरते आणि स्वतः नेऊन देते. ते मात्र ती कोणा पाहुण्याच्या हातात देत नाही.