लग्नाच्या दिवशीचा भाव

"‘बघू’ म्हणे. आठ महिने झाले, नुसतं बघतायत. एवढ्यात एखादा डोंगरसुद्धा बघून संपला असता."

हे ती शटरच्या कुलपाला सांगत होती. कुलूप बिचारं मुकाट्याने ऐकत होतं, आणि मागे किल्ल्या धरून उभा असलेला नवरा कुलपाहूनही मुकाट होता.

पुलाच्या अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा, आणि पुलाच्या तोंडाशी या नवराबायकोची नोटा बदलून द्यायची खिडकी. तो अलीकडचा, ती पलीकडची. त्यांचं लग्न झालं तेव्हा पलीकडची एक नोट दिली की अलीकडच्या तीन मिळायच्या. तिचे सासरे तेव्हा भेटेल त्याला सांगायचे, "सून एक आणली, पण धरायच्या तीन." मग पलीकडचं नाणं जे घसरायला लागलं, ते थोरल्याच्या जन्माला एकास एक झालं आणि धाकटी शाळेत जाईपर्यंत पार उताणं पडलं. आता पलीकडच्या तीन द्याव्यात तेव्हा अलीकडची एक मिळे. घरातल्या भांडणातही नवरा हाच भाव लावायचा. तिने तीन मुद्दे मांडावेत, तेव्हा त्याने एक मान्य करावा.

लग्नाच्या वाढदिवशी मात्र गडी न चुकता एक लाड करी. सकाळी लवकर येऊन बाहेरच्या फलकावरचे प्लास्टिकचे आकडे तो उलटे लावून ठेवायचा. तीनच्या जागी एक, एकच्या जागी तीन. ती यायची, "पुरे झालं हं" म्हणून हसायची आणि दुकान उघडण्याआधी आकडे पुन्हा जागेवर बसवायची. त्यांच्या संसारातली कविता काय ती एवढीच.

यंदाही आकडे उलटे झाले. पण ती हसली नाही. आदल्या रात्री पुन्हा तिच्या आईचा विषय निघाला होता. आई पलीकडे एकटी. न्हाणीघरात घसरून मनगट मोडून घेतल्यापासून डबा उघडायचा तरी शेजारणीला हाक मारायची. "तिला इकडे आणू या का?" असं हिने विचारायचं आणि त्याने "बघू" म्हणायचं. खरं सांगायचं तर त्या ‘बघू’च्या आडोशाला तिलाही जरा बरंच वाटे. का बरं वाटतंय, ते मात्र तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. रागवायला नवरा होता, तेवढं पुरे होतं.

तर आज रागाच्या भरात तिने ठरवलं, ज्याने लावले तो काढील. नवरा शटर उघडून आधी आत गेला; त्याची खात्री, की नेहमीप्रमाणे मागून तिने काढले असतील. फलक खिडकीच्या वर बाहेरच्या बाजूला, आतून दिसायची सोय नाही. आणि दोघांत बोलणं बंद.

पहिलं गिऱ्हाईक पलीकडचा न्हावी. त्याने नोटा सरकवल्या, नवऱ्याने आजच्या भावाने मोजून दिल्या. न्हाव्याने त्या हातात न घेता वर बोट दाखवलं. नवरा बाहेर आला, फलक पाहिला आणि हसत हसत सांगू लागला, की ही आमची घरगुती गंमत आहे. न्हाव्याने मग काचेवरची पाटी मोठ्याने वाचली. ती नवऱ्याने स्वतःच रंगवून घेतली होती. "फलकावरचा दर अंतिम. वाद घालू नये."

"मी कुठे वाद घालतोय?" न्हावी म्हणाला.

त्याने फलकाच्या भावाने पैसे तर घेतलेच, वर मोबाइलवर फलकाचा फोटोही काढला. नवरा आत येऊन बायकोला म्हणाला, "अगं, आकडे का नाही बदललेस?" ती म्हणाली, "बघू."

न्हाव्याला कळलेली गोष्ट गावाला कळायला किती वेळ लागतो? स्टूल शोधून नवरा आकडे बदलतोय तोवर पुलावरून माणसं येताना दिसली. कुणी पिशवी घेऊन, कुणी बरणी घेऊन, एक तर पाळण्यातल्या पोरासकट. प्रत्येकाच्या मोबाइलवर तोच फोटो, खाली तारीख आजची. रांग दुकानाला वळसा घालून मागच्या गल्लीत गेली. आयुष्यभराची पुंजी घटकाभरात जाणार हे नवऱ्याला स्पष्ट दिसत होतं. त्याने गल्ला लावून घेतला आणि आजारी माणसासारखा चेहरा केला. रांगेला दया आली नाही.

रांगेत शेवटून तिसरी तिची आई होती. पायाशी शेजारणीने आणून ठेवलेली पत्र्याची पेटी, बसायला घडीची खुर्ची. लोकांनी ओळखून पुढे सोडलं.

"आई, तुम्हीसुद्धा?" नवरा कळवळला.

"मला नोटा नकोत, जावईबापू. माझ्याकडे आहेत कुठे? हा लग्नाच्या दिवशीचा भाव आहे ना?"

"हो, पण..."

"त्या दिवशी तुम्ही मला म्हणाला होतात, आई, आमचं घर ते तुमचंच घर. त्या शब्दाचा आजचा भाव तेवढा सांगा. रांग थांबलीय."

रांग खरोखरच थांबली होती. न्हावीसुद्धा मोबाइल खिशात घालून उभा राहिला. नवऱ्याचे कान लाल झाले. त्याने बाजूचं दार उघडलं आणि पेटीला हात घातला.

"या, आई," तो म्हणाला. "मी नको कधी म्हटलं? फक्त बघू म्हणालो. आणि तेही हिचा चेहरा बघून."

आई लेकीकडे पाहू लागली. मग न्हावी, बरणीवाली, सगळी रांगच पाहू लागली. ती पुढे आली, नवऱ्याच्या हातून पेटी घेतली आणि आत ओढताना खालच्या मानेने म्हणाली,

"ह्यांचं नुसतं नाव, आई. मलाच नको होतं. तू तिकडे आहेस तोवर पलीकडे माझं माहेर आहे. तूही इकडे आलीस की मी पुलावर उभी राहून बघायचं कुणाकडे?"