झांजवाल्याचा नंबर

लग्नाच्या मांडवात शिरलं की माणूस आधी नवरानवरी बघतो. आमचे नाना भावजी जेवायचं कोण राहिलंय ते बघतात. कनातीमागं, आचाऱ्याच्या चुलीपाशी, लावलेल्या गाड्यांजवळ फिरून ज्याला त्याला विचारतात, "नंबर लागला का?" कडा गावच्या एका लग्नात त्यांनी एका ड्रायव्हरला हाताला धरून पंगतीत बसवलं. तो दुसऱ्याच लग्नाचा निघाला. नाना म्हणाले, "भूक तर हितलीच हाय ना?"

नाना माझे चुलत दीर. वय झालं, डोळ्याचं ऑपरेशन झालं, खोड काही गेली नाही.

मागं डोळे दाखवायला आम्ही पुण्यात माझ्या नातीकडं उतरलो होतो. ती आम्हाला विलायती वाद्यांच्या कार्यक्रमाला घेऊन गेली. स्टेजवर पंगतच्या पंगत माणसं, सगळी काळ्या कपड्यांत. पुढं झाकण वर केलेला भला मोठा पियानो. एक बाई तो वाजवायला बसली. रिकाम्या हंड्यात नळाचं पाणी पडावं तसा आवाज, मला आवडला. पण बाई हात मांडीवर ठेवून थांबली की नाना चुळबुळ करायचे. ती पुन्हा वाजवू लागली की टेकून बसायचे.

मध्यंतरानंतर पियानो बाजूला सारला आणि बाकीच्यांचं लांबलचक वाजवणं सुरू झालं. मागच्या रांगेत एक टकला माणूस होता. शेजारी पितळी झांजा, हात मांडीवर. नानांची नजर तिथं अडकली.

"वहिनी, त्याला का म्हून बसवून ठेवलंय?"

"बसायचा पगार घेतोय. तुमाला काय करायचंय?"

"येईल त्याची पाळी, आजोबा," नात म्हणाली. "हळू बोला."

एक भाग संपला, दुसरा संपला. झांजवाला बसूनच.

"इसरले त्याला," नाना म्हणाले आणि खुर्चीतून उठू लागले. हे आता स्टेजवर जातात, म्हणून मी त्यांचा सदरा धरला.

शेवटच्या भागात तो माणूस उभा राहिला. झांजा वर उचलल्या, एकदाच वाजवल्या, खाली बसला. बाकीचे अजून वाजवतच होते आणि नाना उभे राहून एकटेच टाळ्या पिटत होते. पुढचे लोक वळून बघायला लागले. नातीनं तोंड झाकून घेतलं.

मी सदरा सोडला.

कितीतरी वर्षांपूर्वी माझे मालक गेले, त्यानंतर थोरल्या पोरीचं लग्न निघालं. हळदीच्या वेळी मी धान्याच्या खोलीत बसले होते. विधवेनं हळद लावायची नसते, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. बाहेर बायकांचं लावून झालं. नाना दारात आले.

"वहिनी, तुमचा नंबर लागला का?"

मी मानेनंच नाही म्हटलं. ते मांडवाकडं वळून म्हणाले, "पोरीची आई ऱ्हायलीय. वाटी इकडं आणा." चुलत सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, पण वाटी आली. पोरीच्या गालाला मी माझ्या हातानं हळद लावली.

म्हणून त्या हॉलात मीही उठले. गुडघे दुखत होते तरी उभी राहून टाळ्या वाजवल्या.

"लागला बाबा त्याचा नंबर," नाना खाली बसत म्हणाले. आणि उरलेला कार्यक्रम त्यांनी झोपून काढला.