पणजोबांची खुर्ची

स्टूल बायकोनं गच्चीवर नेलं होतं, म्हणून दिवाणखान्यातला बल्ब बदलायला धाकटा पणजोबांच्या खुर्चीवर चढला. त्या खुर्चीवर बसायचं नाही, असा घराण्याचा दंडक. उभं राहण्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. मागचे दोन्ही पाय कडकन मोडले आणि घराण्याचा वंशज जमिनीवर आला.

"लागलं का?" बायको धावत आली.

"मला नाही. खुर्चीला."

"मग संपलंच सगळं."

तिचं खरं होतं. खुर्ची थोरल्या मुलाकडं जायची, असा दुसरा दंडक होता आणि उद्या सकाळी दादा ती न्यायला येणार होता. सोबत बाबांनाही चार महिने नेणार होता. कित्येक वर्षं आज-उद्या करत त्यानं आता कुठं होकार दिला होता. बाबांनी कटिंग करून घेतली होती, बॅग भरून दारापाशी ठेवली होती आणि नातवाला काय काय सांगायचं, ते दिवसभर घोकत होते. मोडकी खुर्ची बघून दादा रुसणार आणि रुसला की तसाच परत जाणार, हे दोघांना पाठ होतं.

सुतारानं पाय उलटसुलट करून पाहिले. "आतून पोखरलंय. आठवडा लागेल."

"उद्या हवीय."

"मग अशीच एक जुनी पडलीय माझ्याकडं. घेऊन जा."

रात्री दोघं तिला म्हातारी करत बसले. धाकट्यानं कोरा चहा चोळला, बायकोनं पॉलिश पेपरनं खुर्चीचे हात झिजवले. मोडकी खुर्ची जिन्याखाली गेली.

दादा आला. खुर्चीपुढं चपला काढून उभा राहिला आणि तिच्या हातावरून बोटं फिरवली. "बघ, इथं झिजलंय. पणजोबांचा हात टेकायचा इथं."

"चांगलाच टेकलेला दिसतोय," बायको म्हणाली. तिची बोटं अजून हुळहुळत होती.

खुर्ची गोधडीत गुंडाळून गाडीत चढवली, तशी मागची सीट भरून गेली. पुढं वहिनी बसल्या होत्या.

"टपावर बांधू या की," धाकटा म्हणाला.

"पणजोबांची खुर्ची टपावर?" दादा दुखावला.

"मग बाबा कुठं बसणार?"

दादानं घड्याळात पाहिलं. "बाबा काय, घरचेच आहेत. पुढच्या खेपेला नेतो."

बाबा बॅग धरून उभे होते. "हळू चालव," ते म्हणाले. "पाय जप तिचे."

गाडी गेली. धाकट्याला दादाचा संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. एवढी हुबेहूब खुर्ची करून त्यानंच बाबांची जागा घालवली होती.

"बाबा, ती खुर्ची खोटी होती. खरी काल मी मोडली."

"तीही खरी नव्हती," बाबा म्हणाले. "खरी मी मोडली होती, शाळेत असताना. माझ्या वडिलांनी गुपचूप दुसरी आणली. स्वस्तातली होती, म्हणून वर कुणी बसायचं नाही, असं ठरवून टाकलं."

"मग दादाला सांगायचं ना! त्यानं खुर्ची इथंच ठेवली असती. तुम्हाला जागा झाली असती."

बाबांनी बॅग उचलली आणि आत वळले.

"जागा झाली असती रे. पण तरीही त्यानं नेलं नसतं तर?"