हाही अख्खा

मंगळवारी सकाळी नऊ वाजता माझ्या सासऱ्यांच्या पित्तनलिकेतल्या खड्यावर पहिला धक्का बसला. कापाकापी नाही. पाठीखाली पाण्याची गादी, नाकात नळी आणि यंत्राची टकटक. खडा दुर्बिणीतून ओढून काढण्याच्या मानाने फार मोठा होता, म्हणून तो आतल्या आत धक्कालहरींनी फोडायचा होता.

त्यांना तयार मी केलं होतं. आमच्या घरात हट्टी माणसांना समजावण्याचं खातं माझ्याकडे आहे आणि त्यात मी आजवर हरलेलो नाही. अडचण एकच होती. सासऱ्यांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, यांनी आपला मूतखडा बाटलीत घालून दिवाणखान्यात ठेवलाय. पाहुण्यांना आधी खडा, मग चहा.

"माझा खडा मला मिळणार ना?" सासऱ्यांनी विचारलं होतं.

"मिळणार."

"अख्खा?"

"अख्खा, बाबा."

त्याचा भुगा होणार हे मला माहीत होतं. पण ते टेबलावर तर चढले.

धक्के संपल्यावर मी प्रतीक्षा कक्षातल्या माशांच्या टाकीतून एक खडा उचलला. कोटाच्या बटणाएवढा, शेवाळाने हिरवट. पित्ताला शोभेल असा. बाटली खालच्या औषधांच्या दुकानातून आणली. संध्याकाळी दादा भेटायला आले. त्यांनी बाटली उजेडाकडे धरली, खाली ठेवली आणि म्हणाले, "हवेत गारवा आलाय." सासऱ्यांना इतकं खूश मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

गुरुवारी डॉक्टर म्हणाले, "तीन मोठे तुकडे उरलेत. आणखी एकदा धक्के द्यायला हवेत, नाहीतर कावीळ उलटेल."

"फोडणार काय?" सासऱ्यांनी उशीखालून बाटली काढली. "खडा तर इथे आहे."

डॉक्टरांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बायको आधीपासूनच माझ्याकडे पाहत होती.

मी सगळं सांगून टाकलं. टाकी, शेवाळ, सगळं.

सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, तुम्ही आजवर माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीत. आज पहिल्यांदा बोलताय, तेही माझ्या भल्यासाठी. मी रागावलो नाही."

"बाबा, तो खरंच माशांचा खडा आहे."

"पुरे आता. तुम्हाला जमत नाही ते."

शेवटी डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीला धरला. सासऱ्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"म्हणजे हा दुसरा."

"अहो, हे त्याच खड्याचे तुकडे..."

"दादाला एकच होता," सासरे म्हणाले आणि आपणहून टेबलावर जाऊन आडवे झाले. "जावईबापू, हाही अख्खा हं."

यंत्र चालू आहे. बायको माझ्याशी बोलत नाही. दादा मघाशी येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेत. या वेळचा खडा बाहेर येताना ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार आहेत. चष्मा पुसून झालाय.