विशेषणं चौदा, प्रसंग शून्य

अख्ख्या शिरूर तालुक्यात भाषणाची फोड माझ्यासारखी कुणी करत नाही! हे मी नाही, अनुपमा मॅडम म्हणाल्या. म्हणजे त्या म्हणाल्या, "गौतमी, बरं जमलंय." पण अर्थ तोच!

आठवीला मॅडमनी नवंच काढलंय. कुणाचंही भाषण ऐकायचं आणि वहीत रकाने पाडायचे: सुरुवात, विशेषणं, खरा प्रसंग, शेवट. मग त्यातून आपलं लिखाण सुधारायचं. "विशेषण खोडा, प्रसंग लिहा!" हा त्यांचा मंत्र.

माझा सराव चालायचा सारजामावशींपुढं. त्या शाळेत खिचडी शिजवायच्या. आई-पप्पा दोघंही कंपनीत, घराला सातपर्यंत कुलूप. मग शाळा सुटली की मी पातेल्यांसमोर उभी राहून भाषण ठोकायचे. मावशी घासता घासता ऐकायच्या आणि पाचव्या मिनिटाला म्हणायच्या, "शेवट कर बये, पातेली पालथी घालायचीत!"

गेल्या महिन्यात मावशीच गेल्या.

वडगाव रासाईला नदीकाठी दशक्रिया होती. आमच्याकडं दशक्रियेला पुढारी श्रद्धांजलीची भाषणं करतात, आणि निवडणूक जवळ आली की जरा जास्तच श्रद्धेनं! मी ठरवलं, एवढ्या माणसांत मावशींचा एक तरी खरा प्रसंग कुणीतरी सांगेलच. तो टिपायचा आणि त्यावर निबंध लिहायचा. वही घेऊन थेट माइकशेजारी बसले.

पहिले पोपटराव. मी पानावर त्यांचं नाव घातलं. "कष्टाळू, मायाळू, मनमिळाऊ..." विशेषणं चौदा, प्रसंग शून्य!

पुढच्या भाषणासाठी नवं पान काढलं, तेवढ्यात एक टोपीवाले आबा वाकले. "पोरी, नावं तूच घेतीस व्हय? माझंबी घे."

मला वाटलं, काय हौस आहे भाषण तपासून घ्यायची! "घेते की, आबा!"

"माझं त्याच्या वर टाक," दुसरे म्हणाले.

"आन् माझ्या नावाम्होरं 'युवा नेते' लिही!"

बघता बघता सव्वीस नावं! सूत्रसंचालक म्हाळूआप्पांनी स्वतःचा कागद खिशात घातला आणि माझी वहीच उचलली. "आरं, यादी तर पोरीकडं हाय!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पण वही गेली होती!

सव्वीसच्या सव्वीस बोलले. मी बोटांवर मोजत बसले. एक जण तर मावशींना 'तालुक्याचे नामवंत पैलवान' म्हणाले. त्यांची त्या सकाळची तिसरी दशक्रिया होती! कावळा केव्हाच पिंडाला शिवून पलीकडच्या तीरावर वामकुक्षीला गेला. आचारी दोनदा डोकावला. भात गार. प्रसंग शून्य.

यादी संपली. आप्पांना वाटलं, मागच्या पानावरही नावं असतील. चष्मा सावरून ते माइकमध्ये वाचत सुटले, "यानंतर पोपटराव, विशेषणं चौदा, प्रसंग शून्य, शेवट लांबला..."

घाटावरच्या सगळ्या माना पोपटरावांकडं वळल्या! पोपटरावांचा चेहरा त्या भातासारखा.

"कुणाची रं ही वही?" आप्पांनी लेबल वाचलं. "गौतमी, आठवी ब! ये म्होरं! लय कळतंय न्हाई का? मग तूच सांग परसंग!"

माझ्याकडं तर शंभर होते! ऐटीत माइक धरला. समोर पाचशे माणसं. आणि पातेल्यांमागचं ते एक तोंड तेवढं नाही.

"कष्टाळू," मी म्हणाले. "मायाळू... मनमिळाऊ..."

पोपटराव बोटांवर मोजत होते!

"मावशी म्हणायच्या," कसंबसं बाहेर पडलं, "शेवट कर बये, पातेली पालथी घालायचीत."

आणि मी माइक ठेवला.

मावशींची सून पदर तोंडाला लावून हसत होती की रडत, कळलं नाही. "उठा जेवायला!" आचारी ओरडला, आणि सगळे उठले.

घरी येऊन मी माझ्याही भाषणाचे रकाने भरले. लबाडी नाही! विशेषणं तीन, प्रसंग एक. मॅडमनी खाली लाल पेननं लिहिलं, "यावरच निबंध लिही."

तोच लिहितेय. शाळा सुटल्यावर, खिचडीच्या खोलीच्या पायरीवर बसून. साडेअकरा पानं झालीत! कधीच संपला असता हो. पण शेवट कर म्हणायला कुणी नाही ना!