सालोमनरावांचं महाळुंग

सालोमनरावांना एक फळ विकत घ्यायला महिना लागायचा.

पाऊस सरत आला की खामगावच्या आठवडी बाजारात ते दिसू लागत. डोक्यावर खाकी हॅट, काखेत छत्री, खिशात भिंग. महाळुंगं, म्हणजे ती जाड सालीची मोठी लिंबं, घेऊन बसलेल्या बाईसमोर ते उकिडवे बसत, एकेक फळ उन्हाकडे धरत, भिंगातून पाहत, हुंगत, आणि तान्हं मूल पाळण्यात ठेवावं तसं जागच्या जागी ठेवून देत. "रिजेक्ट." पुढचं फळ. "रिजेक्ट." एकदा एक म्हातारी वैतागून म्हणाली, "काऊन जी साहेब, म्हाळुंग पाहून राह्यले का सून पाहून राह्यले?"

"सुनेत थोडं इकडंतिकडं चालतं, बाई," सालोमनराव गंभीरपणे म्हणाले, "यात चालत नाही."

ते माझे शेजारी. सरकारी बांधकामावर ओव्हरसियर होते आणि मी शाळेत शिक्षक. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत होती. तिच्यावरून साखर, वर्तमानपत्रं आणि सालोमनरावांची मतं इकडून तिकडे येत. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि कोकणातला हा माणूस बदली होऊन वऱ्हाडात आला होता. ते बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी यहुदी. गावात त्यांचं एकच घर. नावावरून काही लोक त्यांना ख्रिस्ती समजत, काही मुसलमान. असा गैरसमज कुणी बोलून दाखवला की सालोमनराव त्याला ओट्यावर बसवून घेत आणि पूर्वजांचं गलबत कोकण किनाऱ्यावर फुटलं तिथपासून सुरुवात करत. गलबत फुटून वाचलेली माणसं किनाऱ्याला लागेपर्यंत ऐकणाऱ्याचा चहा निवून जाई. "वऱ्हाडात समुद्र असता तर इथंच उतरलो असतो," असा शेवट ते सभ्यपणे करत. यजमान गावाचा मान राखावा म्हणून.

छप्पर हा त्यांचा दुसरा विषय. कुठल्याही घरात शिरताना ते आधी उजव्या दारबाह्यावरच्या, प्रार्थनेचा कागद ठेवलेल्या डबीला हात लावायला जात. ती फक्त त्यांच्याच घराच्या दाराला होती, हे लक्षात आलं की हात तसाच वर नेऊन ते आढं पाहत. कुणाकडे बारशाला गेले तरी बाळाआधी वासे पाहणार. आणि असा हा माणूस वर्षातून एकदा, अश्विनातल्या पुनवेला, स्वतःच्या अंगणात मुद्दाम गळकं छप्पर बांधायचा. बांबूचे चार खांब, वर शिंदीच्या झावळ्या, आणि झावळ्यांत फटी. मांडवात बसून वर चांदण्या दिसल्याच पाहिजेत, असा त्यांचा नियम. "पुस्तकवाले याला मांडवाचा सण म्हणतात," ते सांगत, "आमची आई खिरीचा सण म्हणते. मी दोन्ही पाळतो."

समोर राहणारे वानखडे पोस्टमन दरवर्षी खांबाला टेकून उभे राहत. "काय साहेब! शाळेच्या छपरात बोटभर भोक दिसलं तं ठेकेदाराले रडवता. अन् हे काय करून ठेवलं?"

"ते गळू नये म्हणून पगार घेतो, वानखडे. हे गळावं म्हणून बांधतो."

एका वर्षी आभाळ भरून आलं तेव्हा वानखड्यांना राहवलं नाही. सालोमनराव कचेरीत असताना त्यांनी स्वतःची ताडपत्री आणून मांडवावर घट्ट बांधली, चारही कोपऱ्यांना निरगाठी मारल्या. संध्याकाळी सालोमनरावांनी मांडवात शिरून वर पाहिलं. मग त्यांनी वानखड्यांना बोलावलं, पाटावर बसवलं, खीर वाढली आणि म्हणाले, "काम चोख आहे. एक थेंब येणार नाही." वानखडे खूश होऊन घरी गेल्यावर नवराबायको मिळून त्या निरगाठी सोडत बसले. गाठी खरंच चोख होत्या.

माझी पत्नी गेली त्या भाद्रपदात ते मला भेटायला आले. चटईवर माझ्यासमोर बसले आणि बोलेनात. त्यांच्यात रीत आहे की दुःखातला माणूस बोलेपर्यंत भेटायला आलेल्यानं तोंड उघडायचं नाही. मला ते ठाऊक नव्हतं, आणि मी मुळातच कमी बोलणारा. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. त्यांच्या कपाळावर घाम आला. अखेर मी म्हणालो, "चहा घेता?" तर ते एका दमात म्हणाले, "नको, मास्तर, तुमच्या आढ्याजवळचं तिसरं कौल सरकलंय, मघापासून पाहतोय, उद्या माणूस पाठवतो." त्या महिन्यात मी प्रथम हसलो तो तेव्हा.

त्याच वर्षापासून ते मला सहलीला नेऊ लागले. "घरात बसून पुस्तकं किती खाल? चला." सहल म्हणजे दुसरं काही नाही, मांडवाच्या सणाला प्रार्थनेत हाती धरायच्या महाळुंगाची शोधमोहीम. बाजारातला सगळा माल रिजेक्ट झाला की सणाच्या आधीच्या रविवारी सगळं कुटुंब एसटीनं संग्रामपूरकडे निघायचं. तिथं सातपुड्याच्या पायथ्याशी गोविंदा माळ्याचा मळा होता. वांगी, मिरच्या, आणि विहिरीच्या थारोळ्यापाशी महाळुंगाचं एक झाड. रिबकावहिनी पोळ्या, उकडलेली अंडी आणि नारळाच्या वड्या बांधून घेत. सालोमनरावांच्या आई, राहेलआजी, खिडकीशी बसत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण पूर्णेचा पूल आला की सांगायच्या, "पाणी आलं."

खरी परीक्षक आजीच. त्यांचे वडील अलिबागकडच्या त्यांच्या प्रार्थनामंदिराची व्यवस्था पाहत, आणि सणाचं फळ तेच निवडत. आजी लहानपणी टोपली धरून त्यांच्यामागे फिरल्या होत्या. आता सालोमनराव भिंगानं निवडत आणि मग ते फळ आईच्या हातात देत. त्या अंगठा फिरवत, हुंगत आणि म्हणत, "बरं आहे." एवढं ऐकलं की सालोमनराव वर्षभर खूश.

मी सांगतोय ते त्या सहलींमधल्या शेवटच्या वर्षाचं. सालोमनरावांचे धाकटे भाऊ मुंबईला होते. ते इस्राएलला निघाले होते आणि आई त्यांच्याबरोबर जाणार होती. तिच्या दोन्ही मुली आधीच तिथं होत्या. सालोमनराव जाणार नव्हते. का, म्हणून मी एकदाच विचारलं. "मास्तर, तिथं पाऊस फार कमी," ते म्हणाले, "मी काय करू?" मग उगाच भिंतीचा पोपडा नखानं काढत राहिले. सण झाला की आई जाणार. त्यामुळे हे फळ तिच्या हातात शेवटचं द्यायचं होतं, आणि त्यात खोट राहून चालणार नव्हती. आजींचे गुडघे धरले होते, म्हणून त्या वर्षी त्या घरीच राहिल्या. वानखड्यांची बायको सोबतीला थांबली.

मळ्यात गेलो तर झाडावरच्या फळांवर खवले पडलेले. सालोमनराव शिडीवर चढले, उतरले, पुन्हा चढले. रिजेक्ट, रिजेक्ट. खाली गोविंदा तंबाखू मळत उभा. "साहेब, आता झाडच रिजेक्ट करा."

तेवढ्यात त्याची बायको आली. तिनं एका आतल्या फांदीकडे बोट दाखवलं. तिथं लुगड्याच्या चिंधीची एक पिशवी बांधलेली होती. "इवलंसं होतं तवाच बांधून ठेवलं जी. किडा लागन म्हनून. मांगच्या वर्साले तुमच्या मायनं माह्या हाताले हात लावून सांगतलं होतं, पोरी, एक जपजो."

पिशवी सोडली. आतलं फळ हिरवट पिवळं, सोन्याच्या गोटीसारखं नितळ, आणि टोकाला ती नाजूक शेंडी जशीच्या तशी. या शेंडीवर सगळं अवलंबून असतं. ती मोडली तर फळ सणाच्या कामाचं नाही. सालोमनरावांनी भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग ते शिडीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "पास." गोविंदा तंबाखू मळायचा थांबला. हा शब्द त्या मळ्यात पहिल्यांदाच ऐकू आला होता.

त्या दिवशी आम्ही ओढ्याकाठी बसून जेवलो त्याची चव अजून तोंडात आहे. गोविंदानं सीताफळं आणून दिली, त्याच्या बायकोनं शेतातला नवा कापूस. वहिनींनी पितळी डबा रिकामा करून त्यात कापूस भरला आणि फळ निजवलं. सालोमनराव सीताफळाच्या बिया ओढ्यात लांब फेकत होते, शाळेतल्या पोरासारखे.

परतीच्या एसटीत मात्र त्यांच्यातला ओव्हरसियर जागा झाला. दर मैलाला डबा उघडायचा, पाहायचं, लावायचा. वहिनी म्हणाल्या, "अहो, झोपू द्या त्याला."

"तपासणी नको का?"

"काय नेऊन राह्यले, साहेब? नाग हाये का?" कंडक्टरनं विचारलं.

शेगाव मागे पडलं. सालोमनरावांनी पुन्हा झाकण उचललं आणि नेमकी एक बैलगाडी आडवी आली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, सगळे पुढे आदळले, झाकण खाली आलं. कापसावर तिळाएवढं काहीतरी पडलं होतं. ती शेंडी होती.

"काय मोडलं हो?" मागून कुणीतरी विचारलं.

"म्हाळुंगाची शेंडी," कंडक्टरनं जाहीर केलं.

"हात् तिच्या! मंग लोनच्याले चालते नं."

गाडीत हशा झाला. सालोमनराव हसले नाहीत आणि 'रिजेक्ट'ही म्हणाले नाहीत. वहिनींनी डबा आपल्या मांडीवर घेतला आणि पदर त्याच्यावर टाकला.

खामगावात उतरून घराकडे चालताना ते हळूच म्हणाले, "एक सवलत आहे, मास्तर. फळ झाडावरच बिनशेंडीचं वाढलं असेल तर चालतं. मोडलेलं चालत नाही."

"मग झाडावरच तसं होतं म्हणा. आजींना दिसत नाही."

ते रस्त्यातच थांबले. "मी आयुष्यात खोटं माप लिहिलेलं नाही." आणि पुढे चालू लागले.

आजी ओट्यावर वाट पाहत होत्या. पावलं ओळखून त्यांनी हात पुढे केला. "आण बघू."

सालोमनरावांनी फळ हातावर ठेवलं आणि लगेच बोलून टाकलं, "आई, शेंडी मोडली. माझ्याच हातनं. एसटीत."

आजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी फळ हुंगलं. मग अंगठा टोकाशी नेला आणि हळूहळू फिरवला, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. मोडलेली जागा ओली आणि खरबरीत लागते, जन्मापासूनची गुळगुळीत खळी असते, हे लेकाला त्यांनीच कधीतरी शिकवलं होतं. आम्ही तिघं उभे होतो. समोर वानखडे सायकल पुसायचे थांबले होते.

"काहीतरीच बोलतोस," आजी म्हणाल्या. "हे जन्माचंच असं आहे."

"आई, मी स्वतः पाहिलं..."

"तुला भिंगातून काय कळतं? माझ्या बोटाला कळतंय ना. सणाला हेच घ्यायचं."

शाळेच्या भिंतीत चार बोटांचा फरक निघाला म्हणून अख्खी भिंत पाडायला लावणारे सालोमनराव खाली बसले आणि आईच्या पायावर कपाळ टेकलं. "बरं," म्हणाले.

सणाच्या सकाळी मांडवात आजींनी ते फळ दोन्ही हातांनी धरलं. सालोमनराव शिंदीचा कोंब घेऊन प्रार्थना म्हणत होते, आणि म्हणता म्हणता एक हात आईच्या हातांखाली घालून त्यांनी फळाचं वजन पेललं होतं. संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी नारळाच्या दुधातली खीर खाल्ली. वानखड्यांनी तीनदा घेतली.

मग धाकटे आले आणि आजींना घेऊन गेले. स्टेशनवर सालोमनरावांनी खिडकीची कडी तपासली, बाकाचे खिळे तपासले, डब्याचं छतसुद्धा तपासलं. गाडी हलली तरी त्यांचा हात खिडकीवर होता.

पुढच्या अश्विनात त्यांनी मला सहलीला बोलावलं नाही. पहाटे एकटेच गेले. दुपारी मी ओट्यावर वाचत बसलो होतो तेव्हा ते भिंतीपाशी येऊन उभे राहिले. पायावर धूळ, हातात डबा. कापसात फळ होतं. शेंडी शाबूत, कुठं डाग नाही, मला तरी दिसला नाही.

"कसं आहे?" मी विचारलं.

त्यांनी फळ उचलून भिंतीवरून माझ्या हातात दिलं. "जरा बघता का, मास्तर?"

मला महाळुंगातलं काही कळत नाही, आणि हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. डोळे मिटले, फळ हुंगलं. मग अंगठा सालीवरून सावकाश फिरवला, आधी उजवीकडून, मग डावीकडून. घाई केली नाही. ते भिंतीपलीकडे हॅट हातात घेऊन उभे होते.

"बरं आहे," मी म्हणालो.

तेव्हा कुठं ते चहाला बसले.