बटण दाबून ओवाळणी

"यंदा ओवाळणी परत यायची न्हाय," तवनाप्पा हेरवाड्यांनी चहाची बशी खाली ठेवत जाहीर केलं. "कारण यंदा ती माणसाच्या हातनं जाणारच न्हाय."

शालूबाई करंज्या तळत होत्या. "मग पोपटाच्या चोचीतनं जाणार व्हय?"

तवनाप्पांनी खिशातून प्लास्टिकचं पाकीट काढलं, पाकिटातून रुमाल काढला, रुमालातून क्रेडिट कार्ड काढलं आणि ते बायकोच्या डोळ्यांपुढं धरलं. शालूबाईंनी ते आजवर तीसेक वेळा पाहिलं होतं. त्यांनी करंजी उलटली.

दोन हजार सातची दिवाळी तोंडावर आली होती. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलानं, अनेकांतनं, स्वतःच्या कार्डाला जोडून वडिलांच्या नावाचं कार्ड काढून दिलं, त्याला तीन महिने झाले होते. तेव्हापासून तवनाप्पांनी खिशात रोकड ठेवणं सोडलं. साखर कारखान्यात हेडक्लार्क म्हणून तीस वर्षं काढलेला माणूस. पण आता नोटा बाळगणं त्यांना मागासलेपणाचं वाटू लागलं. तीन महिन्यांत ते कार्ड एका पेट्रोल पंपावर आणि एका चपलांच्या दुकानात चाललं. दोन्ही पावत्या त्यांनी देवळाच्या देणगीच्या पावत्यांसोबत जपून ठेवल्या. कपिलतीर्थ मंडईतली भाजीवाली कार्ड घेत नसे. तिथं शालूबाई पैसे देत आणि तवनाप्पा त्या बाईची कीव करत.

आता ओवाळणीचं सांगायला हवं, कारण खरं दुखणं तिथं होतं.

तवनाप्पांची थोरली बहीण अक्काताई कुरुंदवाडला दिली होती. वडील गेले तेव्हा अक्काताईंनी तलाठ्यासमोर बसून हक्कसोडपत्रावर सही केली आणि आपल्या वाटणीचं दोन एकर रान भावाच्या नावावर सोडलं. एक पैसा मागितला नाही. "भाऊबिजेला ताटात काय पडंल ते माझं," एवढंच म्हणाल्या. ते रान पुढं विकलं गेलं आणि त्यातून तवनाप्पांचं जवाहरनगरातलं घर उभं राहिलं.

आणि मग एका भाऊबिजेला तवनाप्पांनी ताटात एक साडी घातली. पहिल्याच धुण्यात तिचा रंग गेला. पुढच्या वर्षी पंगतीत दहा माणसांसमोर अक्काताई म्हणाल्या, "माझ्या दोन एकराचा रंग लैच कच्चा निघाला बाई."

तवनाप्पा पानावरून उठले ते थेट एस्टीत बसले. त्यानंतर त्यांनी कुरुंदवाडला पाऊल टाकलं नाही. पहिल्या वर्षी त्यांनी शेजारच्या गणपतरावांबरोबर पाकीट पाठवलं. ते गणपतरावांबरोबरच परत आलं. दुसऱ्या वर्षी मनीऑर्डर केली. तीही परत आली. दोन्ही वेळेला निरोप एकच होता : "ओवाळणी ताटात पडती. ती पिशवीतनं येत न्हाय."

लोकांना सांगायला तवनाप्पा म्हणत, "राहू दे की. तिचं तिच्यापाशी." पण भाऊबिजेच्या दिवशी या घरात कुणी गोडाचं जेवत नसे, आणि ते कुणी ठरवलेलं नव्हतं.

तर यंदा कार्ड होतं. राजारामपुरीत सातव्या गल्लीत मल्लेशचं नेट कॅफे होतं. त्यानं वडिलांच्या पेंडीच्या दुकानाचा अर्धा भाग अडवून चार कॉम्प्युटर मांडले होते, त्यामुळं तिथं बसलं की सरकीचा वास यायचा. कार्डावरून मित्रांना, नातेवाइकांना पैसे पाठवायची एक वेबसाईट मल्लेशला ठाऊक होती.

"नाव सांगा, काका."

"अक्काताई. पाच हजार एक लिही. तो एक इसरू नको."

"ईमेल?"

अक्काताईंची धाकटी मुलगी दीपा कुरुंदवाडला कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवायची. तिचा ईमेल तवनाप्पांनी फोनवर आधीच विचारून घेतला होता. मल्लेशनं तो घातला, कार्डाचे सोळा आकडे घातले, आणि वेबसाईटचे एकशे पंचाहत्तर रुपये वेगळे कापले जातील असं सांगितलं.

"कापू दे. पण परत येणार न्हाय न्हवं?"

"मशीन हाय काका ते. दारात नेऊन परत आणायला ते काय पोस्टमन हाय व्हय?"

तवनाप्पांनी स्वतःच्या बोटानं शेवटचं बटण दाबलं. मग प्रिंट काढायला लावली. एक प्रत घरात ठेवायला, एक रंकाळ्यावरच्या बाकावर दाखवायला. संध्याकाळी बाकावरच्या चौघांनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली, आणि तवनाप्पा घरी आले तेव्हा त्यांची मान ताठ होती.

दुसऱ्या दिवशी दीपाचा फोन आला.

"मामा, मेल आलाय. पण पैसे मधीच अडकल्यात."

"मधी म्हंजे कुठं? हातकणंगल्यात?"

"तसं न्हवं. त्या वेबसाईटवर. ज्यानं पैसे घ्यायचे त्यानं आधी आपल्या नावानं मागणी करायची. तसं बटण हाय. 'पैशांची मागणी करा'. ते दाबल्याबिगर पैसे सुटत न्हाईत. तीस दिवसांत दाबलं न्हाय तर रद्द."

"मग दाब की, पोरी."

"आईला वाचून दाखवलं मी."

मागून आवाज आला. तीन वर्षांनी ऐकला तरी तवनाप्पांनी तो लगेच ओळखला. "सांग त्याला. दोन एकर सोडताना मी मागितलं न्हाय. नवरा गेला तवा मागितलं न्हाय. आता बटण दाबून मागू व्हय?"

"दीपा, तिला सांग, हे नुसतं मशीनचं असतंय."

"सांग त्याला, मला ऐकू येतंय."

"दीपा," तवनाप्पांनी आवाज खाली आणला, "तू गुपचूप दाब."

"दाबलं असतं मामा. पण उद्या आई कुणाला तरी सांगणार, मी भावाकडं कधी मागितलं न्हाय म्हणून. तिला मी खोटं पाडू व्हय? मला न्हाय जमायचं."

तवनाप्पांनी फोन ठेवला आणि बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. त्यांना राग आलेला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. आक्काची आयुष्यात एकच अट होती, की मला मागायला लावू नका. आणि त्यांनी बसल्या जागी पाच हजार एक रुपये खर्चून नेमकं तेच केलं होतं.

पाडव्याला मल्लेशनं पूजेसाठी दुकान उघडलं तेव्हा तवनाप्पा बाहेर उभेच होते.

मल्लेशनं कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं आणि त्यांचं सगळं ऐकून घेतलं. "एवढंच न्हवं? ती मागणी आपुन आपल्या बाजूनं भरून टाकू. हितं पण तसंच बटण हाय बघा. 'पैशांची मागणी करा'."

"चालतंय?"

"न चालायला काय झालं? नाव अक्काताई. रक्कम पाच हजार एक. दाबू?"

"दाब."

मशीननं क्षणभर विचार केला आणि लिहिलं : मागणी पाठवली. मल्लेशनं हात झटकले. तवनाप्पांनी पूजेचा पेढा तोंडात टाकला. आता पैसे सुटले, अशी दोघांचीही खात्री होती.

भाऊबिजेला सकाळी नऊ वाजता जवाहरनगरातल्या घराची कडी वाजली. शालूबाईंनी दार उघडलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. दारात अक्काताई होत्या. हातात पिशवी, पायांवर एस्टी स्टँडची धूळ. हे घर उभं राहून अकरा वर्षं झाली होती आणि त्या कधी आल्या नव्हत्या.

"कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

तवनाप्पा मोतीसाबणाची अंघोळ करून, कपाळावर गंध लावून, धोतर सावरत बाहेर आले. अक्काताईंनी त्यांना खालीवर पाहिलं. मग जवळ येऊन त्यांच्या कपाळाला, गालाला हात लावून बघितला, ताप पाहावा तसा.

"काय झालंय तुला, तवना?"

"मला? कुठं काय?"

"लपवू नगंस. काल दीपानं वाचून दाखवलं. तवनाप्पा हेरवाडे यांनी तुमच्याकडं पाच हजार एक रुपयांची मागणी केली हाय. जन्मात तू माझ्याकडं कधी काय मागितलं न्हाईस. लहानपणी पेरूसुदिक मागितला न्हाईस, चोरून खायचास. आन् आता मागतोस, ते बी कॉम्प्युटरवरनं. तोंडानं मागायला जीभ धजली नसंल. म्हटलं, पोरगं कशात तरी लै अडकलंय."

तवनाप्पांच्या डोक्यात मल्लेश, पेढा आणि ते बटण एकदम लख्ख दिसलं. त्यांनी तोंड उघडलं. शालूबाईंनी मागून त्यांच्या धोतराला हिसका दिला, म्हणून मिटलं.

अक्काताईंनी पिशवीतून एक गाठोडं काढून भावाच्या हातात ठेवलं. "म्हशीच्या दुधाचं हाईत, आन् दीपाच्या भिशीचं. पाच हजार एक. मागणीत एक व्हता म्हणून एक आणला."

तवनाप्पा पैशांकडं बघतच नव्हते. ते गाठोड्याचं कापड बघत होते. फिकट, डागाळलेलं, कधीकाळी जांभळं असावं असं. काठावरची नक्षी त्यांना ठाऊक होती.

"ही साडी तू टाकली न्हाईस?"

"भावाची साडी टाकत्यात व्हय? रंग गेला, कापड चांगलं हाय." अक्काताई पदरानं डोळे पुसत खाली बसल्या. "आन् त्या दिशी मी बोलले ते मला बी लागलं. पण तू पानावरनं उठलास, मी तिथंच बसून ऱ्हायले, मला उठवायला कोण व्हतं?"

चूक कबूल करायची ती हीच वेळ होती. पण आता काय सांगायचं? तू पहिल्या एस्टीनं आलीस, उभ्यानं आलीस, ते सगळं उगीचच, असं? तवनाप्पांनी गाठोडं सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "आक्का, आज भाऊबीज हाय."

"म्हाईत हाय की. मग पाट मांड."

शालूबाईंनी पाट मांडला, रांगोळी काढली. अक्काताईंनी भावाला टिळा लावला, सुपारी आणि अंगठी ओवाळली, मग निरांजन ओवाळलं. त्यांचे ओठ काहीतरी पुटपुटत होते. तवनाप्पांना तीन वर्षांत पहिल्यांदा दिवाळी आल्यासारखी वाटली, आणि त्याच क्षणी त्यांचा हात सवयीनं खिशाकडं गेला.

आधी रुमाल निघाला. रुमालातून कार्ड निघालं.

"ते न्हाय," शालूबाई हळूच म्हणाल्या.

तवनाप्पांकडं रोकड नव्हतीच. बँक बंद. कोपऱ्यावरच्या एटीएमवर धनत्रयोदशीपासून कागद चिकटवलेला. खिशात फक्त एकच गोष्ट होती, आणि ती कुणी आणली हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं. तवनाप्पांनी मान खाली घातली आणि गाठोडं ताटात ठेवलं. गाठ सैल होती. आतला रुपया निसटून ताटात वाजला.

अक्काताईंनी ताट खाली ठेवलं. "हे माझंच की रं."

"व्हय." आणि मग तवनाप्पांनी सगळं सांगितलं. कार्ड, मल्लेश, उलटं बटण, सगळं.

अक्काताई म्हणाल्या, "म्हंजे तुला काय आजार न्हाय?"

"न्हाय."

"घर गहाण न्हाय?"

"न्हाय."

"रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाय माझा," त्या म्हणाल्या, आणि एवढा वेळ धरून ठेवलेलं रडू त्यांनी आता मोकळं केलं. तवनाप्पाही रडले. शालूबाई दोघांना करंज्या आणायला आत गेल्या आणि तिथं त्याही रडून घेतल्या.

जेवणं झाल्यावर अक्काताईंनी गाठोड्याला नीट गाठ मारली. "ताटात पडलं न्हवं? मग आता ही माझी ओवाळणी झाली. एस्टीचं भाडं तेवढं अंगावर पडलं. येताना-जाताना सत्तर."

"ते मी देतो की," तवनाप्पा रुबाबात म्हणाले आणि खिशात हात घातला.

शालूबाई तोवर तुरीच्या डाळीच्या डब्यातले सुटे पैसे काढायला उठल्याच होत्या.

ते बटण अक्काताईंनी शेवटपर्यंत दाबलं नाही. तिसाव्या दिवशी पाच हजार एक रुपये कार्डावर परत जमा झाले. वेबसाईटनं आपले एकशे पंचाहत्तर ठेवून घेतले आणि एक ईमेल पाठवली. मल्लेशनं ती मराठीत समजावून सांगितली, आणि तवनाप्पांच्या आग्रहावरून तिच्या प्रिंटखाली बॉलपेननं मराठीत लिहूनही दिली. प्रिंटचे दोन रुपये त्यानं कार्डावर घेतले नाहीत. तवनाप्पा घरी जाऊन शालूबाईंकडून रोख घेऊन आले.

तो कागद त्यांनी देवळाच्या पावत्यांत ठेवला नाही. कपाटातून जुनी फाईल काढली, आणि वडिलांच्या रानाच्या हक्कसोडपत्रामागं, जिथं आक्काची निळ्या शाईतली सही होती, तिथं तो लावला. कागदावर लिहिलं होतं : व्यवहार रद्द. कारण, घेणाऱ्या व्यक्तीने मागणी केली नाही.